कवळी चिकटवायची क्रीम: ३ स्टार, पण घ्यायच्या आधी हे वाचा

आईसाठी घेतली होती. तिच्या वरच्या-खालच्या दोन्ही कवळ्या जुन्या, खालची तर बोलता बोलता उचलायची आणि भाकरीचा तुकडा मोडला की दाण्याएवढं काहीतरी खाली अडकून टोचायचं. मेडिकलवाला म्हणाला ही लावा, घट्ट बसते.

घट्ट बसते हे खरंय. कवळी धुऊन कोरडी करायची, तीन-चार छोटे ठिपके लावायचे, कडेपासून जरा आत, आणि तोंडात बसवून थोडा वेळ दाबून धरायची. वरची छान धरते, मिंटची चव आईला आवडली. गरम चहा झाला की पकड कमी होते. खालच्या कवळीला मात्र फार फरक नाही, तिथे टेकायला जागाच कमी आणि जीभ सारखी ढकलत असते. रात्री हिरडीवरचा चिकटा काढणं हे एक वेगळंच काम, कोमट पाण्याने चुळा भरून ओल्या कापडाने हळूच पुसावं लागतं.

आता खरा मुद्दा. ही क्रीम नीट बसणाऱ्या कवळीला थोडा आधार द्यायला आहे, सैल झालेली कवळी तिने दुरुस्त होत नाही आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. दात काढले की जबड्याचं हाड झिजायला लागतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि नंतरही हळूहळू आयुष्यभर चालूच राहतं, खालचं हाड तर वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. म्हणजे कवळी तीच राहते पण खालची जमीन सरकते. मग माणूस क्रीम वाढवत जातो, आईचंही तेच झालं, ट्यूब भराभर संपायला लागली आणि खाली काय चाललंय ते दिसेना कारण क्रीममुळे दुखणं जरा दबलं होतं.

डेंटिस्टनी कवळी काढून बघितलं तर टाळू लालभडक. कँडिडा नावाची बुरशी, कवळी रात्रंदिवस घातली आणि नीट घासली नाही की होते, बऱ्याच जणांना दुखतही नाही त्यामुळे कळत नाही. ओठांचे कोपरे चिरले होते ते आम्हाला थंडीमुळे वाटायचं, तेही ह्यातलंच निघालं. आणि खाली हिरडीला कड सारखी घासून मांसाची एक घडी वाढलेली. डॉक्टर म्हणाल्या की कवळी घासून झालेली जखम कड तासून दिल्यावर साधारण दोन आठवड्यांत भरली पाहिजे, नाही भरली तर कॅन्सर नाही ना हे बघायला तुकडा काढून तपासायचाच. आपल्याकडे तंबाखू, मिश्री लावणारी म्हातारी माणसं कितीतरी आहेत, त्यांनी "कवळी लागलीय" म्हणून महिनोन्महिने जखम अंगावर काढू नये, कळकळीने सांगते.

खाण्याचं तर बोलायलाच नको. आईने भाकरी, काकडी, पेरू, मोडाची उसळ सगळं सोडलं होतं, मऊ भात-वरण आणि चहात बुडवलेली बिस्किटं. घरच्यांना वाटतं वयामुळे भूक कमी झाली, आणि माणूस वाळत जातो. न चावता गिळलेला घास घशात अडकायची भीती वेगळी. आणि रात्री कवळी घालून झोपू नका, जपानमध्ये ८५ आणि त्यापुढच्या ५२४ लोकांवर अभ्यास झाला होता, २०१५ साली छापून आला, त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट दिसला. रात्री काढून पाण्यात ठेवायची, उकळत्या पाण्यात नाही, कवळीचं अ‍ॅक्रिलिक (प्लास्टिक) वाकडं होतं.

क्रीमचाही एक धोका आहे. काही क्रीममध्ये झिंक असतं आणि लोक ट्यूबच्या ट्यूब वापरतात, झिंक पोटात जास्त गेलं की शरीरातलं तांबं कमी होतं आणि हातापायांना मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं असं होऊ शकतं. अमेरिकेत अशा केसेस झाल्यावर २०१० मध्ये एका मोठ्या कंपनीने झिंकवाली क्रीम बनवणं बंद केलं. त्यामुळे पाकिटावर झिंक नाही ना ते बघूनच घ्या.

शेवटी आईची बुरशी औषधाने बरी करून कवळीला आतून नवीन थर देऊन घेतला, ह्याला रीलाइन म्हणतात, नवीन कवळीपेक्षा बराच कमी खर्च. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, तिथे कवळ्यांचा वेगळा विभाग असतो, आणि खासगीत जायचं तर प्रॉस्थोडोंटिस्ट, म्हणजे कवळ्या-कृत्रिम दातांचे तज्ज्ञ, म्हणून पाटी बघा. रस्त्यावर बसून एका तासात दात बसवून देणाऱ्यांकडे कृपा करून जाऊ नका, ते अ‍ॅक्रिलिक तोंडातच ओतून शेजारच्या दाताला पक्कं करतात आणि मग ते दातही जातात.

आता आई ही क्रीम फक्त लग्नकार्याला जाताना वरच्या कवळीला लावते, तेवढ्यासाठी ३ स्टार. उरलेले दोन कापले कारण सूचना बारीक इंग्रजीत आहेत, जिला वापरायची तिलाच वाचता येत नाहीत, आणि कवळी सैल असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा हे वाक्य पार तळाशी आहे.