‘शुद्ध आयुर्वेदिक’ मलमात स्टेरॉइड निघालं: सोरायसिस, एक्झिमावाल्यांनी जरूर वाचा

ज्यांना सोरायसिस, एक्झिमा, डोक्यात खपल्या असला जुना त्रास आहे आणि कुणीतरी बिनलेबलची डबी हातात देऊन "जडीबुटीचं आहे, बिनधास्त लावा" म्हणालंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत झालं ते जसंच्या तसं सांगते. त्या माणसाचं आणि गावाचं नाव टाकत नाही कारण तक्रार दिलेली आहे, पण आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात असे बरेच फिरतात आणि तुमच्या भागातही असणार.

ताईला डोक्यात सोरायसिस आहे, बऱ्याच वर्षांपासून. कानामागे, मानेवर केस सुरू होतात तिथे आणि कपाळाच्या कडेला जाड पांढऱ्या खपल्या, खाजवलं की सगळ्या खांद्यावर. गडद रंगाचे ब्लाउज घालणं तिने कधीच सोडून दिलेलं. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, तरी पार्लरवाली तिच्यासाठी कंगवा वेगळा काढायची आणि लग्नकार्यात बायका काय काय बोलायच्या ते वेगळंच. स्किनच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की हे मुळापासून जात नाही, कंट्रोलमध्ये ठेवता येतं. आता वर्षानुवर्षं खाजवणाऱ्या माणसाला नेमकं हेच ऐकायचं नसतं, त्यामुळे जो छातीठोकपणे म्हणेल की मी मुळापासून घालवतो त्याच्याकडे माणूस जाणारच, आणि हे लोक बरोबर त्याच्यावरच टपून बसलेले असतात.

भिशीतल्या एका काकूंनी नंबर दिला. हा माणूस ठरलेल्या रविवारी तालुक्याच्या गावी लॉजवर खोली घेऊन बसतो, बाहेर एक पोरगा नावं लिहून घेतो, भिंतीवर पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो. नाडी बघितली, जीभ बघितली, रक्तात उष्णता आहे म्हणाला. तेलाची एक बाटली दिली आणि फिरकीच्या झाकणाची पांढरी प्लास्टिकची डबी, आत फिकट हिरवं मलम, उघडलं की कापराचा भपकारा. डबीवर एक अक्षर नाही. बिल मागितलं तर "ताई, औषध आहे हे, किराणा नाही" असं उत्तर. पथ्य मात्र लांबलचक: वांगं बंद, आंबट बंद, बेकरीचं बंद, साबण बंद. आणि वर बजावून सांगितलं की हे चालू असताना इंग्रजी औषध अजिबात चालणार नाही, ते लोक स्टेरॉइड देतात, कातडी खराब करून टाकतात. हे वाक्य त्याच्याच तोंडचं आहे, आणि पुढे लॅबच्या रिपोर्टमध्ये जे निघालं ते बघितल्यापासून मला ते आठवलं की संताप येतो.

मलमाने फरक पडला का, तर पडला, आणि असा पडला की घरात सगळे थक्क. दोन-तीन दिवसांत खाज थांबली, आठवडाभरात खपल्या गळून खालची कातडी साफ. ताई रडली अक्षरशः आनंदाने. तिने पुढे आणखी चार बायकांना नंबर दिला, जाऊबाईंच्या मुलाच्या एक्झिमासाठी पण डबी आणून दिली, लहान पोरगं ते! मग पुढच्या वेळी तोच म्हणाला की चेहऱ्यालाही लावत जा, वांग जातील, रंग उजळेल. आणि खरंच चेहरा उजळला, गुळगुळीत झाला. लोक विचारायला लागले काय लावतेस.

हे का होतं ते मला आता डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलंय. स्टेरॉइड कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं म्हणून लाली जाते आणि चेहरा फिका, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत गोरा दिसतो. सूज आणि खाज ज्या प्रतिकारशक्तीमुळे येते तिलाच ते दाबतं, म्हणून एवढ्या झटपट आराम. आजार बरा होत नाही, तो दबून राहतो. आणि औषध काढलं की आकसलेल्या त्या वाहिन्या एकदम फुलतात, चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुरळ येतं, सोरायसिस तर आधीपेक्षा जोरात उसळतो.

ताईचं तसंच झालं. एका महिन्यात तो माणूस आलाच नाही, डबी संपली, आणि मलम बंद झाल्यावर काही दिवसांतच डोकं पुन्हा खपल्यांनी भरलं, कपाळ आणि गाल लाल, चुलीजवळ सोडा, साध्या गॅससमोर उभं राहिलं तरी चेहऱ्याची आग. घाबरून फोन केला तर तो काय म्हणाला असेल? "चांगली गोष्ट आहे ताई, आतलं विष बाहेर पडतंय, आता औषध मध्येच सोडलंत तर उलटेल." आणि कुरिअरने डबी पाठवली, आधी चारशेची होती ती आता बाराशेला, कारण म्हणे याच्यात भस्म जास्त आहे. लावली की परत दोन दिवसांत शांत. म्हणजे माणसाची खात्रीच पटते ना, की औषध लावलं की बरं आणि सोडलं की त्रास, मग औषधच खरं. मला विचाराल तर सगळी फसवणूक या एका जागेवर उभी आहे. मलम बंद केल्यावर जो त्रास होतो तो त्या मलमानेच केलेला असतो, पण तोच त्रास दाखवून पुढची डबी गळ्यात मारतात, आणि पेशंट आपल्या पायाने परत येतो, वाट्टेल ती किंमत देतो.

जवळपास वर्षभर हे चाललं. मी दिवाळीला तिला बघितलं तेव्हा गालावर बारीक लाल रेषांचं जाळं दिसत होतं, कल्ल्यापासून हनुवटीपर्यंत लव वाढलेली, हनुवटीवर मुरमांसारखे फोड, आणि कपाळाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, चकचकीत. उन्हात दोन मिनिटं उभी राहू शकत नव्हती. भांडण करून तिला सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीला घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी चेहरा बघितला आणि पहिला प्रश्न केला, कुठली ट्यूब लावताय? ताई म्हणाली ट्यूब नाही, आयुर्वेदिक आहे. मॅडम म्हणाल्या डबी घेऊन या.

त्यांनीच सांगितलं की याला डॉक्टर लोक टीएसडीएफ म्हणतात, म्हणजे स्टेरॉइडमुळे खराब झालेला, स्टेरॉइडवर अवलंबून राहिलेला चेहरा, आणि आपल्या देशात हे इतकं आहे की स्किनच्या डॉक्टरांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, याच्यासाठी वेगळा टास्क फोर्स केलाय. 2011 साली देशातल्या 12 केंद्रांवरचा एक अभ्यास छापून आला होता, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 पेशंटपैकी 433 जण, म्हणजे साधारण पंधरा टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. शंभरात पंधरा!

डबीतलं उरलेलं मलम मी खासगी लॅबला दिलं. पैसे गेले, पण म्हटलं कळू दे एकदा काय आहे ते. रिपोर्टमध्ये क्लोबेटासोल प्रोपिओनेट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कातडीला लावायच्या स्टेरॉइडमध्ये सगळ्यात वरच्या, सगळ्यात जहाल गटातलं हे औषध. ते 0.05 टक्के एवढंच असतं मलमात आणि तेवढंच पुरतं. सलग दोन आठवड्यांच्या वर आणि आठवड्याला 50 ग्रॅमच्या वर वापरू नका असं त्याच्या कंपनीच्या माहितीपत्रकातच असतं, आणि चेहऱ्याला, काखेत, जांघेत लावू नका हे पण. दिवसाला 2 ग्रॅम इतकं कमी लावूनसुद्धा ते रक्तात उतरून शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड हार्मोन, बनवणं मंदावू शकतं. ताईची सकाळच्या कॉर्टिसॉलची ब्लड टेस्ट केली तर ते कमीच आलं, आणि इतके दिवस तिला जो थकवा होता तो आम्ही वयावर ढकलत होतो.

आणखी एक गोष्ट मला माहीतच नव्हती. तेच मलम शरीरावर सगळीकडे सारखं मुरत नाही. हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या आतल्या बाजूला जेवढं मुरतं त्याच्या साधारण साडेतीन पट डोक्याच्या कातडीत, सहा पट कपाळावर, तेरा पट जबड्याजवळ आणि पुरुषांच्या अंडकोषावर तर चाळीस पटींच्या वर. हे 1967 मध्येच मोजून ठेवलेलं आहे. म्हणून डॉक्टर डोक्याला जे लोशन देतात ते चेहऱ्याला लावू देत नाहीत. या माणसाने डोक्याचं मलम खुशाल चेहऱ्याला लावायला सांगितलं, आणि त्या लहान पोराच्या अंगाला सुद्धा. लहान मुलांची कातडी पातळ, वजन कमी, त्यांच्यात हे रक्तात अजून जास्त उतरतं, पोर फुगतं, उंची खुंटते. जाऊबाईंना सांगून पोराला डॉक्टरकडे नेलं, वेळेत नेलं म्हणून ते बचावलं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला 2003 साली एक्झिमाच्या मुलांना लावलेल्या 24 हर्बल क्रीम तपासल्या तर 20 मध्ये स्टेरॉइड निघालं. तिथेही आईबापांचं म्हणणं हेच, की हर्बल आहे आणि खूप गुण येतो.

मेडिकल दुकानांचं पण सांगते कारण तिथेही हाच प्रकार, फक्त तिथे लेबल असतं. आमच्या भाऊजींना जांघेत गजकर्ण झालं, मेडिकलवाल्याने न विचारता ट्यूब दिली, त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल सगळं एकत्र. खाज लगेच गेली, बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहिली कारण तिच्याशी लढणारी ताकदच दाबलेली, आणि चट्ट्याचं रूप असं बदललं की डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागला. जांघेत कातडी फाटून ज्या रेघा पडल्या त्या आता आयुष्यभर राहणार. 2018 मध्ये सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, आणि त्याच वर्षी असली कितीतरी मिश्रणं बंदच केली. तरी काउंटरवर सर्रास मिळतात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, हॅलोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं की ते स्टेरॉइड. गोरं करणाऱ्या नाईट क्रीममध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला मोमेटासोन घातलेलं असतं, ते पण बायका वर्षानुवर्षं लावतात, मैत्रिणीने सांगितलं म्हणून.

एक मात्र नीट समजून घ्या, स्टेरॉइड मलम म्हणजे विष नव्हे. ताईला आता मॅडमनी डोक्यासाठी जे दिलंय त्यातही स्टेरॉइड आहे, कॅल्सिपोट्रिऑल या सोरायसिसच्या औषधाबरोबर, पण किती दिवस, कुठे आणि किती लावायचं हे चिठ्ठीवर लिहून. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढ्यात दोन तळहातांएवढी जागा होते, हे सुद्धा त्यांनी करून दाखवलं. चेहऱ्याला टॅक्रोलिमस, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं मलम, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. पहिले काही आठवडे फार वाईट गेले, चेहऱ्याची आग होऊन ती रात्री ओला रुमाल ठेवून झोपायची, पण आता लाली बरीच उतरलीय. गालावरच्या रेषा अजून आहेत. म्हणून कुणी खूप दिवसांपासून असलं काही लावत असेल तर माझं वाचून आजच्या आज फेकून देऊन मोकळे होऊ नका, सोरायसिसमध्ये एकदम बंद केल्याने अंगभर उसळी येऊ शकते. स्किन स्पेशालिस्टला दाखवा, ते कमी ताकदीच्या औषधावर आणून हळूहळू सोडवतात.

आयुर्वेदावर माझा राग नाही. आमच्याच गावातले वैद्य आहेत, बीएएमएस, चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर आणि औषधाचं नाव लिहून देतात, आणि सोरायसिस दोन दिवसांत घालवतो असं ते कधीच म्हणाले नाहीत. बाजारातल्या आयुर्वेदिक औषधावरसुद्धा घटक, लायसन्स नंबर, बॅच नंबर, तारीख छापावीच लागते. ज्याच्या डबीवर यातलं काही नाही आणि ज्याचा गुण दोन दिवसांत येतो, त्याला सरळ विचारा आत काय आहे. तो गुप्त फॉर्म्युला, गुरूंची देणगी वगैरे सांगायला लागला की उठून या.

तक्रार आम्ही अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात दिलीय. तिथे लॅबचा रिपोर्ट, यूपीआयचे स्क्रीनशॉट, कुरिअरची पावती आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज हेच कामाला आले, कारण बिल त्याने कधी दिलंच नव्हतं. तिथल्या साहेबांनी सांगितलं की बाकीचे पेशंट पुढे आले तर केस मजबूत होईल, पण ताईने ज्यांना नंबर दिला होता त्यातल्या दोघी अजून म्हणतात आम्हाला तर गुण आलाय, कशाला उगाच. त्यांच्याशी बोलणं चालू आहे. तुमच्या घरात अशी डबी असेल तर ती धुवून मसाल्याला घेऊ नका, आहे त्या मलमासकट झाकण लावून ठेवा, त्यावर कधी आणि कुठे घेतली ती तारीख लिहा आणि त्याचे मेसेज डिलीट करू नका.