एका कानात एनव्हीडीए

आधी निकाल सांगून टाकतो, कारण लांबलचक परीक्षण शेवटपर्यंत वाचायला आपल्यातल्या कुणालाच वेळ नसतो. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे. नोकरी आणि घर सांभाळून अभ्यास करणाऱ्या अंध किंवा अल्पदृष्टी माणसाने पैसे टाकून दुसरं काही घेण्याआधी हा वापरून बघावाच. पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण मराठी आवाजाचा. पुढे ज्या तक्रारी येतील त्यातल्या बऱ्याचशा त्याच्या नाहीतच, फायली बनवणाऱ्यांच्या आहेत.

मी सांगलीत राहतो, मिरजेला एका बँकेच्या शाखेत क्लार्क आहे. रेटिनायटिस पिग्मेंटोसा, हळूहळू नजर नेणारा डोळ्यांचा आजार. कॉलेजात असताना रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं गेलं, आता खिडकी कुठल्या अंगाला आहे एवढं कळतं. घरी वडील, म्हणजे अण्णा, अंथरुणाला खिळलेत. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बायको तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, सकाळी बाहेर पडते ती संध्याकाळीच येते. मुलगी सहावीत. आई आहे, पण तिचे गुडघे कामातून गेलेत, अण्णांना कुशीवर वळवणं तिला झेपत नाही. आणि या सगळ्यात मी जेएआयआयबी देतोय.

बँकेबाहेरच्यांसाठी : इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही १९२८ पासूनची संस्था ही परीक्षा घेते. नोकरीतल्यांसाठीच असते, पास झालं की एक वेतनवाढ मिळते. २०२३ पासून पेपर तीनाचे चार झाले. प्रत्येक पेपर शंभर मार्कांचा, दोन तासांचा, पर्यायी प्रश्नांचा. पन्नासला पास. एकाच वेळी चारही दिले तर प्रत्येकात पंचेचाळीस आणि एकूण पन्नास टक्के पडले तरी चालतं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही.

हा अभ्यास पूर्वी मी माणसांच्या आवाजात करायचो. कधी बायको वाचायची, कधी शाखेतला मित्र, कधी पुण्याहून बहीण फोनवर. माणसाचा आवाज गोडच, प्रश्नच नाही. पण त्यांना सवड असायची तेव्हा मी कामात, आणि मी रिकामा व्हायचो तेव्हा सगळे झोपलेले. दिवसभर पोरांपुढे घसा फोडून आलेल्या बायकोला रात्री ‘हा परिच्छेद परत एकदा वाच’ असं चौथ्यांदा म्हणायला जीभ रेटत नाही. मग न कळलेलं तसंच राहायचं आणि ‘हो, कळलं’ म्हणून आपण पुढे.

एनव्हीडीएपुढे हा संकोच नाही, आणि माझ्या मते त्याचा खरा फायदा हाच आहे. कंट्रोल दाबलं की गप्प. शिफ्ट दाबली की थांबतो, परत दाबली की थांबला तिथून पुढे. एकच वाक्य दहा वेळा वाचून घ्या, कपाळाला आठी नाही. अण्णांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, म्हणून माझ्या रात्रीचे दोन-दोन तासांचे तुकडे पडलेले असतात. त्यातही त्यांना काही हवं असेल तर हाक मारता येत नाही. डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर स्टीलचा पेला वाजवतात. त्यामुळे माझा इअरफोन एकाच कानात असतो, दुसरा घरासाठी मोकळा. पेला वाजला की कंट्रोल, उठायचं, पाणी द्यायचं, चादर सारखी करायची, परत येऊन बसायचं.

यात एक सोय आहे जिचं कौतुक डोळस लोकांना कळायला जरा वेळ लागतो : स्क्रीन कर्टन. ती सुरू केली की पडदा पूर्ण काळा होतो आणि वाचन चालूच राहतं. मी अण्णांच्याच खोलीत बसतो. लॅपटॉपचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर पडत नाही आणि माझं काही अडत नाही. एरवी अंधारात बसून अभ्यास करतो म्हणून शेजारपाजारची माणसं हळहळली असती.

सोबत येणारा आवाज ईस्पीक नावाच्या यंत्राचा. पहिल्यांदा ऐकलात तर बंद कराल. रुक्ष, नाकातला, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण वेग वाढवला तरी शब्द फाटत नाहीत, म्हणूनच आमच्यातले जुने लोक तोच ठेवतात. सेटिंगमध्ये ‘रेट बूस्ट’ म्हणून एक चौकट आहे, ती लावली की ऐकणाऱ्याची सवय हीच मर्यादा. माझ्या मुलीला त्यातलं अक्षरही कळत नाही, त्यामुळे ती मैत्रिणींना मुद्दाम ऐकवते.

आता खरा कस, म्हणजे अकाउंट्सचा पेपर. कायदा, बँकिंग, अर्थव्यवस्था हे सरळ गद्य. ऐकलं की झालं. बॅलन्स शीट नजरेने आडवी-उभी एकदम बघायची असते, आणि कानाला एका वेळी एकच आकडा ऐकू येतो. एनव्हीडीएत वर्डमधल्या किंवा वेबपानावरच्या तक्त्यात कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाण दाबले की एकेका चौकटीत जाता येतं. मथळे नीट दिलेले असतील तर चौकटीआधी तो रकान्याचं नाव सांगतो. एक्सेलमध्ये नुसते बाण पुरतात. मी सगळे तक्ते एक्सेलमध्येच मागतो. रेशो अ‍ॅनालिसिस, बँक रिकन्सिलिएशन, घसारा, सगळं मी असं चौकटी मोजत शिकलो आणि मला ते गद्यापेक्षा जास्त आवडायला लागलं, हे मलाच नवल.

नव्या माणसाने हिशेबाला हात लावण्याआधी एक काम करावं. एनव्हीडीए की (म्हणजे इन्सर्टचं बटण) आणि पी दाबून चिन्हं वाचण्याची पातळी बदलावी. मूळ पातळीवर तो अधिकचं चिन्ह बोलतो, कंस बोलत नाही. आणि हिशेबात वजा रक्कम कंसात लिहायची पद्धत. म्हणजे कंसातला पंचेचाळीस हजारांचा तोटा कानाला नुसता पंचेचाळीस हजार ऐकू येतो आणि बुडालेली कंपनी बसल्या जागी नफ्यात येते. पातळी ‘मोस्ट’वर नेली की कंस उघडला, कंस मिटला, सगळं सांगतो. कादंबरी ऐकायची असेल तेव्हा पातळी परत खाली आणायची, नाहीतर डोकं उठतं.

लाखांच्या रकमांची वेगळी गंमत. आपले स्वल्पविराम त्याच्या इंग्रजी आवाजाला झेपत नाहीत, रक्कम तुटक ऐकू येते. मी फाइलमधले स्वल्पविराम काढूनच टाकतो. मग तो ‘वन हंड्रेड ट्वेंटी फाइव्ह थाउजंड’ म्हणतो आणि सव्वा लाख मी मनात करून घेतो. बँकेत काम केल्याचा तेवढा उपयोग.

सूत्रांचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. चक्रवाढ व्याजाच्या सूत्रात मुदत घातांक म्हणून वर लिहिलेली असते. साध्या पीडीएफमध्ये ती वरची जागा हरवते आणि ‘वन प्लस आर एन’ असं सपाट ऐकू येतं. घात आहे की गुणाकार, पत्ता लागत नाही. मॅथकॅट नावाची एक सोय आहे, तिने वर्डमधली नीट घातलेली समीकरणं किंवा वेबपानावरची सूत्रं व्यवस्थित वाचली जातात, घातांकासकट. पण त्यासाठी समीकरण कुणीतरी आधी नीट घातलेलं पाहिजे. एका क्लासवाल्याकडून मी पैसे भरून नोट्स घेतल्या, त्या निघाल्या पानांचे फोटो. एनव्हीडीएने एकच शब्द उच्चारला : ‘ग्राफिक’. त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘सर, एकदम क्लिअर आहेत, झूम करून बघा.’

अशा फोटोंवर उपाय म्हणजे फाइल गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडायची, अक्षरं सुटी होतात. तक्त्यांचा मात्र पार काला होतो. ते माझी बहीण हाताने टाइप करून पाठवते. पुस्तकाची अशी वाचनीय प्रत करून घेण्यात बेकायदा काही नाही, २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यातच तशी सूट आहे. सुगम्य पुस्तकालय हे २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालयही बघून ठेवा. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच ते आहे, अपंगत्वाचा दाखला लागतो.

मराठीबद्दल. ईस्पीकमध्ये मराठी आहे, अर्थ लागतो, गोडवा नाही. लांब मराठी मजकूर असेल तर मी एज ब्राउझरमध्ये उघडून ‘आरोही’ नावाच्या आवाजात ऐकतो. तो पुष्कळच माणसाळलेला आहे, पण इंटरनेट लागतं. आवाजापेक्षा मोठं दुखणं जुन्या फॉन्टचं. युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते आणि स्क्रीन रीडरला इंग्रजी अक्षरांचा कचरा ऐकू येतो. मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सराव प्रश्नपत्रिका येतात त्या बहुतेक अशाच. तेव्हा ती मला वाचून दाखवते आणि मी उत्तर सांगत नाही, त्यामुळे तिचा अभ्यास आपोआप होतो.

परीक्षेच्या खोलीत मात्र एनव्हीडीए नसतो, लेखनिक असतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत (२०२५ मध्ये त्यांच्या जागी नव्या आल्या) संगणकावर परीक्षा द्यायचा पर्यायही होता, पण ‘शक्य असेल तिथवर’ अशी पळवाट सोबत ठेवून. २०१८ च्याच सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायची, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. लेखनिक आपण आणला तर त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा एक पायरी कमी लागायचं. मी पदवीधर, म्हणून शेजारचा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा मुलगा नेला. पोरगं हुशार, पण मोठ्याने वाचायची सवय कुणालाच उरलेली नाही. सरावाला बसलो तेव्हा पर्याय वाचताना म्हणाला, ‘काका, चारही सारखेच दिसतायत.’ सारखे नसतात, एका शब्दाचा फरक असतो आणि मार्क त्या शब्दालाच असतो. मग त्याला एनव्हीडीएसारखं वाचायला शिकवलं : आधी रकान्याचं नाव, मग आकडा; कंस दिसला की ‘कंस’ म्हणायचं; मी ‘परत’ म्हटलं की पहिल्यापासून. यंत्रावर अभ्यास केल्यामुळे मला काय आणि कोणत्या क्रमाने ऐकायला हवं ते नेमकं सांगता आलं. बहिणीच्या आवाजात शिकलो असतो तर जमलं नसतं. अकाउंट्सचा पेपर सुटला. रिटेल बँकिंगचा अडकलाय, जो सगळ्यात सोपा म्हणतात तो.

ज्यांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खाली आहे, किंवा हाताला कंप आहे, लिहिताना बोटं आखडतात, त्यांनी आपल्याला लेखनिक मिळणार नाही असं गृहीत धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात त्यांच्याही बाजूने निकाल दिला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने त्यासाठी वेगळ्या सूचना काढल्या. डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो फॉर्म भरायच्या आधीच काढून ठेवावा.

फुकट कसं परवडतं, असं शाखेत मला विचारतात. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये हे काम सुरू केलं, त्याचा मित्र जेम्स टेह, तोही अंध, त्यात आला. बाजारातले स्क्रीन रीडर महाग होते, हे कारण. त्यांची एनव्ही अ‍ॅक्सेस ही संस्था देणग्यांवर आणि अनुदानांवर चालते. उतरवून घेताना देणगी मागतात, न देता पुढे जाता येतं. मी पहिल्यांदा तसाच पुढे गेलो होतो, वेतनवाढ झाली की देईन.

सुरुवात करणाऱ्यांनी त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. घरात लॅपटॉप एकच असेल तर पेनड्राइव्हवर टाकून चालवता येतो, इतरांना त्याचा त्रास नाही. आमच्याकडे बायको शाळेची कामं त्याच लॅपटॉपवर करते. पहिले काही दिवस एनव्हीडीए की आणि एक हा आकडा एकदा दाबा : मग कुठलंही बटण दाबलं की काम न करता तो फक्त त्याचं नाव आणि उपयोग सांगतो. आणि नवा लॅपटॉप घेणार असाल तर उजवीकडे आकड्यांचा वेगळा गठ्ठा असलेला कीबोर्ड बघून घ्या. दुकानदार म्हणेल, आता असे कमी येतात, मागवून घ्या.