वादळी आभाळाखालचा किल्ला: राजहंसगड, कित्तूर की बेळगावचा भुईकोट?

काळ्या ढगांच्या पार्श्वभूमीवर जुन्या किल्ल्याचे छायाचित्र घ्यायचे ठरवले, तर बेळगावच्या छायाचित्रकारासमोर प्रामुख्याने तीन पर्याय असतात: येळ्ळूरजवळचा राजहंसगड, कित्तूरचा किल्ला आणि शहरातच असलेला भुईकोट. तिन्ही ठिकाणी एका दिवसात जाऊन परत येता येते, मात्र तिन्ही ठिकाणी एकाच प्रकारचे चित्र मिळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते निवडीचा क्रमच बहुतेकदा उलटा होतो. आधी किल्ला ठरतो, मग रविवार ठरतो आणि त्या दिवशी जे आभाळ असेल ते पदरात पडते. प्रत्यक्षात आधी आभाळ ठरवावे, कारण या भागात पाऊस तीन वेगवेगळ्या स्वभावांनी येतो आणि प्रत्येक स्वभावाला वेगळा किल्ला मानवतो.

सर्वाधिक गर्दी होते ती जुलै-ऑगस्टमध्ये, आणि वादळी आकाश सर्वांत कमी मिळते तेही याच महिन्यांत. मृग लागून पश्चिमेचा वारा स्थिरावला की ढगांचा एक सलग, सपाट थर पसरतो. त्यातून दिवसदिवस पाऊस पडतो, पण त्या थराला आकार नसतो, कडा नसते आणि उजेडाला दिशा नसते. अशा वेळी घेतलेल्या चित्रात आभाळाच्या जागी पांढुरका पट्टा उरतो आणि किल्ला त्यावर कातरून चिकटवल्यासारखा दिसतो. हिरवळ मनमुराद मिळते, हे खरे. परंतु हिरवळ आणि वादळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरे वादळी ढग दिसतात ते एप्रिल-मेच्या वळवात आणि सप्टेंबरअखेरीपासून, म्हणजे हस्त, चित्रा आणि स्वाती नक्षत्रांच्या परतीच्या पावसात. सकाळी निरभ्र वाटणाऱ्या आभाळात दुपारी दोन-तीनच्या सुमारास ढग उभे चढू लागतात, त्यांचे माथे उन्हात पांढरे झळकतात आणि तळ शाईसारखे काळे पडतात. पाऊस सर्वत्र न पडता एखाद्या शिवारावरच कोसळतो, त्यामुळे तो लांबून पडद्यासारखा दिसतो. पश्चिमेकडून सूर्य मोकळा असेल आणि ढग पूर्वेला सरकलेला असेल, तर संध्याकाळी उजळलेली भिंत आणि तिच्यामागे गडद आभाळ असा योग जुळतो, ज्यासाठी हा सारा खटाटोप करायचा.

वळीव आणि परतीचा पाऊस यांत डावे-उजवे करायचे झाल्यास माझे मत परतीच्या पावसाला आहे. मे महिन्यात हवेत धूळ असते आणि नांगरलेली शिवारे तपकिरी, उघडी असतात. लांबचा किल्ला धुरकट दिसतो. हा तांबूस रंग काहींना आवडतो आणि ओसाड अवशेषांना तो शोभतोही. ऑक्टोबरमध्ये मात्र हवा धुतलेली असते, दूरवरची कडाही स्पष्ट दिसते, गवत अजून हिरवे असते आणि भात पिवळे पडू लागलेले असते. उणे बाजू इतकीच की तेव्हा दिवस लहान झालेला असतो आणि उपयोगाचा उजेड सहाच्या सुमारास संपतो, तर मे महिन्यात तो जवळजवळ सातपर्यंत पुरतो.

राजहंसगड

गावकरी ज्याला येळ्ळूरगड म्हणतात, तो हा गड शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर आहे आणि वाहन थेट वरपर्यंत जाते. चारी दिशांना मोकळे आकाश, आत सिद्धेश्वराचे मंदिर आणि खाली पसरलेले भाताचे शिवार, ही त्याची जमेची बाजू. ढग कोणत्याही दिशेने चढो, त्याला सामोरे जाण्यासाठी येथे जागा सापडते. इतर दोन ठिकाणी ही मुभा नाही. तथापि, गडावर चढलेल्या माणसाला आकाश दिसते, शहर दिसते, पण गड दिसत नाही. तटावरून घेतलेली चित्रे बहुतांशी दरीची आणि ढगांची होतात. किल्ल्याचे चित्र हवे असेल तर खाली, येळ्ळूरच्या शिवारात उभे राहावे लागते.

या शिवाराची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. भाताची लावणी होत असताना खाचरांत पाणी साठलेले असते आणि वारा पडल्यास त्यात गडाचे प्रतिबिंब मिळते. जुलैतही येथे यावे असे एकमेव कारण हेच, आणि तेही संततधार थांबून उघडीप मिळालेल्या दिवशी, जेव्हा खालचे ढग वेगाने पळतात आणि उन्हाचा कवडसा क्षणभर तटावर पडतो. त्या क्षणासाठी कॅमेरा तिपाईवर आधीच रोखून ठेवून थांबावे लागते. कवडसा पाहून कॅमेरा बाहेर काढणाऱ्याला तो मिळत नाही. ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स येथे सर्वाधिक उपयोगी ठरते, कारण दुरून टिपल्यावर गड आणि त्यामागचा ढग जवळ आल्यासारखे दिसतात आणि ढगाचा आकार गडावर दडपण आणतो. रुंद कोनाच्या लेन्सने हाच गड टेकडीएवढासुद्धा उरत नाही. बांधावरून चालताना पीक तुडवले जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि शेतात मालक असल्यास त्याला विचारूनच आत पाऊल टाकावे. आमच्या भागात नकार क्वचितच मिळतो.

गडावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे २०२३ मध्ये अनावरण झाले आणि तेव्हापासून गडाची आकाशरेषा बदलली आहे. निव्वळ जुन्या तटाचे, काळाने झिजलेले रूप ज्याला हवे आहे, त्याला चौकट जपून निवडावी लागेल. उलट संध्याप्रकाशात, पाठीमागे पेटलेले आभाळ असताना, पुतळ्याची काळी आकृती हाच चित्राचा केंद्रबिंदू करता येतो. सुट्टीच्या दिवशी गर्दी राहते, म्हणून शक्य असल्यास मधला वार निवडावा.

धोका सर्वाधिक आहे तोही येथेच. उघड्या माथ्यावर धातूची तिपाई घेऊन उभा असलेला माणूस विजेच्या दृष्टीने अत्यंत वाईट जागी असतो. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो. वीज चमकल्यावर गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून तिपाई सोडावी, बंद वाहनात बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली आसरा घेणे तर कटाक्षाने टाळावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आसपास कोसळणाऱ्या विजांची सूचना देते, ते फोनमध्ये असावेच. ढग नेमका कुठे आहे हे पाहण्यासाठी हवामान खात्याच्या गोव्यातील डॉप्लर रडारची चित्रे उपयोगी पडतात.

कित्तूर

बेळगावहून धारवाडच्या दिशेने, राष्ट्रीय महामार्ग ४८ लगत सुमारे पन्नास किलोमीटरवर कित्तूर आहे. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्मांच्या सैन्याने येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा पराभव केला, त्यात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. आज तेथे उरले आहेत ते वाड्याचे अवशेष: छप्पर नसलेल्या भिंती, दालनांची जोती, कमानी, एकेका खोलीची रेखा. वादळी आकाशाला याहून अनुरूप विषय या भागात मला दिसत नाही. राजहंसगडावर किल्ला हा आकाशाचा एक तुकडा होतो. कित्तूरला पडक्या भिंतीच्या खिंडारातून आकाश चित्रात शिरते, आणि तेथे काय घडले असावे याचा विचार पाहणाऱ्याच्या मनात आपोआप येतो.

तंत्राच्या दृष्टीने येथील काम राजहंसगडाच्या नेमके उलट आहे. येथे १६ ते २४ मिलिमीटरची रुंद लेन्स लागते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणून जोत्याची कड अग्रभागी घेतली, की ती कड नजरेला भिंतीपर्यंत आणि तिथून ढगापर्यंत नेते. मात्र लेन्स वर झुकवल्यास भिंती आतल्या बाजूला कलतात, त्यामुळे कॅमेरा समतल ठेवून नंतर खालचा भाग कापणे श्रेयस्कर. पावसाची सर येऊन गेल्यानंतर लगेच, भिंती ओल्या असताना, पोलरायझर फिल्टर (चकाकी कमी करणारी, लेन्सवर बसवायची काच) फिरवून पाहावा; ओलाव्यावरची चकाकी जाते आणि विटा-मातीचा रंग गडद होतो. इंद्रधनुष्य असल्यास हाच फिल्टर जपून वापरावा, कारण चुकीच्या कोनात तो इंद्रधनुष्यच पुसून टाकतो. सूर्य क्षितिजापासून बेचाळीस अंशांपेक्षा खाली असल्याशिवाय सपाट जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही, तेव्हा दुपारी बारा वाजता त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

कित्तूरची अडचण आहे ती वेळेची. आवाराला येण्या-जाण्याच्या वेळा आहेत, आतच पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, आणि संध्याकाळचा उत्तम उजेड पडायला लागतो नेमका तेव्हाच बाहेर पडण्याची घाई सुरू होते. म्हणून येथे लवकर पोहोचून दुपारी चढणाऱ्या ढगांवर भर द्यावा. शिवाय २३ ते २५ ऑक्टोबरला कित्तूर उत्सव भरतो. उत्सव जरूर पाहावा, परंतु ओसाड अवशेषांच्या चित्रासाठी तो आठवडा सोडून द्यावा, कारण मंडप, रोषणाई आणि माणसे यांतून रिकामी चौकट सापडणार नाही. स्वच्छ राखलेली बाग आणि पायवाटा हीही काहींना खटकणारी बाब आहे. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे कॅमेरा खाली ठेवणे आणि जवळ जाणे.

बेळगावचा भुईकोट

मध्यवर्ती बसस्थानकापासून अगदी जवळ असलेला हा किल्ला वेळेच्या हिशेबाने सर्वांत सोयीचा आहे. ढग दिसला की निघावे आणि पंधरा मिनिटांत पोहोचावे, ही सोय इतरत्र नाही; नोकरी सांभाळून छायाचित्रण करणाऱ्याने तिला कमी लेखू नये. तेराव्या शतकाच्या आरंभी रट्ट राजघराण्याच्या काळात उभ्या राहिलेल्या या कोटाला आदिलशाहीत आणखी बळकटी मिळाली. भोवती खंदक, दारापाशी गणपती आणि दुर्गेची मंदिरे, आत १२०४ मधील कमल बस्ती हे जैन मंदिर आणि सफा मशीद असा त्याचा पसारा आहे. परंतु उंच कड्यावरचा, आकाशाला भिडणारा किल्ला मनात धरून येथे येणाऱ्याची निराशा होईल. भुईकोट असल्यामुळे त्याची आकाशरेषा ठेंगणी आहे, आणि दिवे, तारा, वाहने चौकटीत डोकावतात.

येथे चांगले निघते ते पाणी आणि दगड. शेजारच्या किल्ला तलावात पावसापूर्वीच्या स्तब्ध घटकेत काळे आभाळ उतरते, आणि तलावाजवळच्या उंच ध्वजस्तंभावरील झेंडा वाऱ्याची बदललेली दिशा इतर कशाहीआधी सांगतो. सर कोसळू लागली की कमल बस्तीच्या आत जावे. कमळाच्या आकाराचे छत, घोटीव खांब आणि दारातून येणारा मंद उजेड यांचे चित्र वादळी दिवशी जेवढे खुलते तेवढे कडक उन्हात खुलत नाही. ही वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने तिपाईसाठी पूर्वपरवानगी लागते. त्याऐवजी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० पर्यंत वाढवून हातात धरून काम भागवावे. किल्ल्याच्या परिसरात लष्करी आस्थापना आहेत, त्यांच्याकडे कॅमेरा रोखू नये. ड्रोनचा विचार तर घरीच सोडावा. लष्करी हद्द आणि सांबऱ्याचा विमानतळ या दोन्ही गोष्टी जवळ आहेत.

कॅमेऱ्याची मांडणी

गडद ढग चौकटीत मोठा असला की कॅमेरा त्याला करडा समजून उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) कमी ठेवावे आणि चित्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात साठवावे. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची मांडणी) ऑटोवर सोडल्यास वादळाची निळसर छटा निघून जाते. डेलाइटवर ठेवल्यास ती टिकते. अंधार पडल्यावर लांबच्या विजा टिपायच्या असतील तर एफ ८, आयएसओ १०० आणि दहा ते वीस सेकंदांचे एक्स्पोजर घेऊन लागोपाठ चित्रे काढावीत. विजेची रेघ किती प्रखर उमटेल हे लेन्सच्या छिद्रावर, म्हणजे एफ आकड्यावर, अवलंबून असते, शटर किती वेळ उघडे राहिले यावर नाही. फोनने छायाचित्रे घेणाऱ्याने दिवसा विजेसाठी चलचित्रण करून त्यातली चौकट निवडावी.

आणखी दोन नावे

खानापूर तालुक्यातील भीमगड अनेकांच्या मनात असतो. तो २०११ मध्ये जाहीर झालेल्या अभयारण्याच्या दाट जंगलात आहे, वन खात्याच्या परवानगीशिवाय तेथे जाता येत नाही, आणि घाटमाथ्यावरच्या पावसात समोरचे झाडही धुक्यात हरवते. वादळी चित्रासाठी तो या यादीत बसत नाही. संकेश्वरजवळचा वल्लभगड मात्र कोल्हापूर-निपाणीकडून येणाऱ्यांनी विचारात घ्यावा. महामार्गावरूनच त्याची आकृती दिसते, राजहंसगडाइतका बोलबाला नसल्याने सुट्टीच्या दिवशीही चौकट मोकळी मिळण्याची शक्यता अधिक, आणि ढग कोणत्या बाजूला आहे ते पाहून रस्त्याच्या अलीकडे थांबायचे की पलीकडे, एवढाच निर्णय घ्यावा लागतो. वाहन उभे करायचे ते सेवारस्त्यावर. महामार्गाच्या कडेला, पावसात, मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला तिपाई दिसत नाही.