विंडोज ११ होम : काम चोख, मुखत्यारी मात्र दुसऱ्याची

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये न्यायालयाच्या आसपास अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि करारनामे टंकलिखित करून देणाऱ्या आमच्यासारख्यांना ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याची हौस नसते. परंतु विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची अंतर्गत यंत्रणा व मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर असल्याखेरीज विंडोज ११ अधिकृतपणे चढवता येत नसल्यामुळे, ठणठणीत चालणारा जुना संगणक बाजूला सारून नवा लॅपटॉप घेणे भाग पडले. त्यासोबत आलेल्या विंडोज ११ होम (२४एच२) या आवृत्तीचे हे परीक्षण आहे. लॅपटॉपविषयी माझी काहीही तक्रार नाही.

मराठीची सोय उत्तम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकाबरोबरच उच्चारानुसार टंकन करण्याचा मराठी फोनेटिक कळफलकही २०१९ पासून विंडोजमध्येच मिळतो, त्यामुळे निराळे सॉफ्टवेअर लागत नाही. निर्मला यूआय हा फॉन्ट पडद्यावर स्वच्छ दिसतो. मंगल हा जुना फॉन्ट मात्र आता मूळ संचात नाही. तो देवनागरीच्या पूरक फॉन्टांमध्ये गेला असून, भाषा जोडताना किंवा सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून उतरवून घ्यावा लागतो. तो नसताना मंगलमधील मसुदा उघडला, तर अक्षरे दिसतात, पण ओळी सरकतात आणि पानांचा हिशेब बिघडतो. पृष्ठ क्रमांकांवर ज्यांचे काम चालते त्यांनी हे पहिल्याच दिवशी उरकून घ्यावे.

खरा आक्षेप सुरुवातीच्या मांडणीपासूनच, म्हणजे सेटअपपासूनच, उभा राहतो. होम आवृत्ती इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते, आणि ते टाळण्याच्या ज्या आडवाटा जाणकारांना ठाऊक होत्या, त्या कंपनी एकेक करून बुजवीत आहे. आता याची दुसरी बाजू पाहा. या आवृत्तीत नव्याने मांडलेल्या यंत्रावर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी सांकेतिक कुलूपबंदी, आपोआप सुरू होते, आणि ते उघडण्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. लॅपटॉप चोरीस गेल्यास पक्षकारांची कागदपत्रे सुरक्षित राहतात, म्हणून एन्क्रिप्शन मुळात हवेच आहे. परंतु ग्राहकाकडे ईमेल खाते तयार नसले, तर सीताबर्डीच्या बाजारातल्या एखाद्या दुकानातला मुलगा घाईगर्दीत दुकानाचेच खाते टाकून मोकळा होऊ शकतो. पुढे मदरबोर्ड बदलावा लागला (मे महिन्यातल्या नागपुरात तोही दगा देऊ शकतो) आणि पडद्यावर ते ४८ अंक मागितले गेले, की आपल्याच दस्तऐवजांसाठी परक्याच्या खात्याचा शोध घ्यावा लागेल. मुखत्यारपत्र करताना कोणते अधिकार दिले ते आम्ही एकेक करून लिहून घेतो. येथे अधिकार आधीच दिलेले असतात, आणि काय काय दिले ते सेटिंग्जमध्ये नंतर हुडकावे लागते.

वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड साठवणीचेही तसेच. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांचा बॅकअप मांडणीच्या ओघात चालू होऊन बसतो, म्हणजे आधार क्रमांक असलेले प्रतिज्ञापत्र डेस्कटॉपवर ठेवताच त्याची प्रत क्लाउडवर जाते. हे बंद करता येते. पण चालू करण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत विचारायला काय हरकत होती?

अपडेटच्या बाबतीत माझे भांडण केवळ वेळेपुरते आहे. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत निघालेले सुरक्षा अपडेट आपल्याकडे पोहोचेपर्यंत मंगळवारची रात्र झालेली असते, आणि बुधवारी सकाळी, नेमके अर्ज दाखल करण्याच्या गर्दीत, ते उतरू लागतात. माझ्यासमोरच्या आवृत्तीत ते पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात, त्यानंतर मात्र घ्यावेच लागतात. ‘ॲक्टिव्ह अवर्स’, म्हणजे अपडेटसाठी यंत्र आपोआप रीस्टार्ट होऊ नये अशी वेळ, जास्तीत जास्त अठरा तासांचे ठरवता येतात, तेवढे दुकानदाराला पुरते. याहून बारकाईने नियंत्रण हवे असेल, तर ग्रुप पॉलिसी एडिटर हा विंडोजचे नियम ठरवण्याचा प्रोग्राम लागतो, आणि तो होम आवृत्तीत नसून प्रो आवृत्तीत आहे. थोडक्यात, आपल्या यंत्रावरचा अधिकार अधिक पैसे मोजून विकत घ्यायचा.

यापेक्षा वेगळे करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने युरोपकडे पाहावे. बड्या तंत्रज्ञान कंपन्यांना वेसण घालणाऱ्या तेथील डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे २०२४ पासून मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर काढून टाकता येतो आणि स्टार्टमधील शोधात येणारे बिंग या कंपनीच्याच सर्च इंजिनाचे निकालही बंद करता येतात. विंडोज १० ची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा तेथे मोफत मिळते; आपल्याकडे मात्र सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर दिला, तर ती विनामूल्य, अन्यथा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्स या बक्षीस योजनेचे गुण किंवा रोख रक्कम मोजायची. पडद्याची सतत छायाचित्रे घेणारी ‘रिकॉल’ ही सोयदेखील २०२४ मध्ये टीकेची झोड उठल्यावरच ग्राहकाने स्वतः चालू करण्याची झाली. नागपूरच्या ग्राहकाने लॅपटॉपची किंमत पूर्णच मोजलेली असते, तेव्हा अधिकार अर्धे का, हे मला कळलेले नाही.

लिनक्स मिंट हा दुसऱ्या, मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा पर्याय घरच्या वापरासाठी मी सुचवीन, कारण अपडेट केव्हा घ्यायचे ते तेथे वापरणाराच ठरवतो आणि जुन्या यंत्रांवरही ते चालते. आमच्या धंद्यात मात्र श्रीलिपीसारखी विंडोजवर बेतलेली मराठी टंकनाची सॉफ्टवेअरे आणि त्यांतल्या वर्षानुवर्षांच्या फाइली आड येतात.

पाचपैकी तीन गुण. घेणाऱ्यांनी लॅपटॉप दुकानात सुरूच करू देऊ नये. तो घरी आणून स्वतःच्या खात्याने मांडावा, रिकव्हरी की कागदावर उतरवून खरेदीच्या पावतीसोबत ठेवावी, वनड्राइव्हचा बॅकअप तपासावा आणि मगच पक्षकाराची पहिली फाइल त्यावर घ्यावी.