सात घरांतले ‘क्षितिज’

शब्दकोडी रचून त्यांवर उपजीविका करणाऱ्यांसाठी बनवलेले एक संगणकीय साधन मी गेली चार वर्षे जवळजवळ रोज वापरते आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण त्यातला मुख्य दोष रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या, माझ्या पाहण्यातल्या इतर साधनांतही आहे.

पहिल्याच दिवशी मी त्यात ‘क्षितिज’ हा शब्द टाकला. मराठी कोडे सोडवणाऱ्याच्या दृष्टीने तो तीन घरांचा शब्द आहे: क्षि, ति, ज. साधनाने मात्र त्याला सात घरे दिली, कारण संगणकाच्या हिशेबी क, पाय मोडल्याची खूण, ष, वेलांटी, त, पुन्हा वेलांटी आणि ज अशी ती सात स्वतंत्र चिन्हे आहेत. एका घरात तर नुसती वेलांटी, ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून, ताटकळत उभी होती. यावर तोड सापडली ती भलत्याच जागी. इंग्रजी कोड्यांत कधीमधी गंमत म्हणून एका घरात दोन-तीन अक्षरे बसवतात. त्यासाठी ठेवलेली सोय मी सरसकट प्रत्येक घराला लावली आणि माझ्याजवळचा सगळा शब्दसंग्रह अक्षरागणिक तोडून पुन्हा भरला. या कामात दोन महिने गेले आणि त्या काळात एकही कोडे माझ्या हातून बाहेर पडले नाही.

चौकट भरण्याचे काम हे साधन सुरेख करते. एक शब्द बसवायचा, त्याला छेदणारे शब्द जमतात का ते पाहायचे, वाट खुंटली की मागे येऊन दुसरा शब्द घ्यायचा, ही पूर्वी खोडरबराने चालणारी कसरत ते काही क्षणांत उरकते. मात्र इंग्रजीची अक्षरे 26, तर आपली बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून घरात बसू शकणारी अक्षरे शेकड्यांनी भरतात. त्यामुळे प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत यावे, हा अमेरिकी दंडक 15 बाय 15 च्या चौकटीत मराठीला झेपत नाही. तीन अक्षरांहून लहान शब्द नको, हा नियमही आपल्या दोन अक्षरी शब्दांच्या मुळावर येतो. हे दोन्ही नियम बंद करता येतात, याचे श्रेय साधन करणाऱ्यांना दिलेच पाहिजे.

खरी मदार आहे ती शब्दांच्या यादीवर. प्रत्येक शब्दाला आपण गुण द्यायचे आणि साधनाने जास्त गुणांचा शब्द आधी उचलायचा, अशी पद्धत आहे. सुरुवातीला मी आळसाने सगळ्यांना सारखेच गुण दिले, तेव्हा चौकटी ‘अज’, ‘खग’ यांनी भरून गेल्या. हे शब्द कोड्यांबाहेर आता कोण बोलते? शब्दांना गुण देण्याचे काम अजूनही रोज अर्धा तास चालते, आणि या व्यवसायात माझी म्हणावी अशी पुंजी ती यादीच आहे.

आकडे आपोआप पडतात आणि एकच शब्द दोनदा आल्यास साधन लगेच टोकते. ही सोय क्षुल्लक वाटेल, पण 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात छापलेल्या, आर्थर विन यांनी रचलेल्या आणि जगातले पहिले मानल्या जाणाऱ्या शब्दकोड्यातसुद्धा ‘डव्ह’ हा शब्द दोनदा आला होता.

संकेत सुचवणारा विभाग मात्र मी बंदच ठेवते. तो पूर्वी छापलेले संकेत समोर टाकतो, आणि दुसऱ्याचा संकेत उचलणे या धंद्यात चोरीच मानले जाते. शिवाय त्यातून लेखणीला गंज चढतो. ‘पाणी’ एवढाच संकेत दिला तर उदक, सलिल, जीवन असे तिन्ही तीन अक्षरी शब्द बसतात. ‘ज्याला पाणीही म्हणतात आणि जे जगावेही लागते’ असे लिहिले की ‘जीवन’ एकटेच उरते. कोड्याला लागणाऱ्या वेळातला निम्म्याहून अधिक वेळ या कामात जातो आणि तिथे साधनाचा काडीचाही उपयोग नाही.

आठवड्याला दोन-तीन कोडी देणाऱ्याने ते जरूर घ्यावे. वर्षाकाठी एखादे कोडे रचणाऱ्या हौशी माणसाला चौकटीची वही आणि पेन्सिल पुरेशी आहे. देवनागरीची अडचण मी निर्मात्यांना दोनदा कळवली. पुढच्या आवृत्तीत पाहू, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. त्यानंतर दोन आवृत्त्या निघाल्या. नव्या यादीत ‘क्षितिज’ टाकले की अजूनही सात घरे उघडतात.