जुन्या मियाटाला आधी टर्बो की आधी सस्पेन्शन?

१९८९ ला आलेली पहिल्या पिढीची माझदा मियाटा, म्हणजे दोन सीटची छोटी उघडी स्पोर्ट्स कार, हातात आली की पहिला प्रश्न हाच. सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन १.६ लिटरचं, साधारण ११५ हॉर्सपॉवर, त्यामुळे टर्बोचा (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंप) मोह होतोच आणि गाडी खरंच सुसाट पळते, पण नुसत्या टर्बोने भागत नाही, इंजेक्टर, ट्यूनिंग, क्लच, मोठा रेडिएटर अशी रांगच लागते, त्यात ट्यूनिंग चुकलं आणि बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, जास्त झाला तर नॉकिंग होऊन, म्हणजे इंधन अवेळी भडकून, पिस्टनच जातो.

म्हणून मी म्हणेन आधी सस्पेन्शन. चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी धरलेलं), म्हणजे डिझाइन मुळातच भारी आहे, फक्त इतक्या वर्षांत सांध्यांमधले रबरी बुश कडक होऊन चिरलेले असतात, मी एक दाबून बाहेर काढला तर रबराचा बोटांनीच भुगा झाला. नवे बुश, नवे शॉकअप, चांगले टायर आणि नीट अलाइनमेंट, एवढ्यात तीच गाडी वळणावर हाताला चिकटल्यासारखी वळायला लागते. ब्रेकही याच वेळी करून घ्या. आणि हो, बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच फायनल टाइट करा, चाकं लटकत असताना केले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.