चौथी सीट रिकामी राहते तेव्हा: बोलायचं, शेजारी बसायचं की तक्रार करायची?

मार्च २०२०. लोकल अजून बंद व्हायच्या होत्या. सकाळची कल्याणहून सीएसएमटीला जाणारी फास्ट, लेडीज सेकंड क्लास. घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरल्या आणि समोर उभ्या असलेल्या एका मुलीला तिसरी सीट मिळाली. चेहऱ्यावरून ईशान्येकडची वाटत होती. ती बसली तशी चौथ्या सीटवरची बाई उठून उभी राहिली. ‘कोरोना आला,’ शेजारणीला म्हणाली. हळू नाही, ऐकू जाईल असं. दोघी-तिघी हसल्या.

घाटकोपर ते दादर ती चौथी सीट रिकामी राहिली. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि तिच्या शेजारची वीतभर जागा मोकळी. रोज लोकलने जाणारीला याचा अर्थ सांगायला नको. मी समोरच कडी धरून उभी होते. त्या मुलीने सॅकची चेन अर्धी उघडली, लावली, पुन्हा उघडली. दादरला उतरून गेली. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आणि मी तिथे बसलेही नाही, जे करायला शब्दही लागला नसता.

त्या महिन्यात हे देशभर चाललं होतं. दिल्लीत एका मणिपुरी तरुणीवर ‘कोरोना’ म्हणत एक माणूस थुंकला. एप्रिलमध्ये आपल्या सांताक्रूझमध्ये तसाच प्रकार झाला. केंद्रीय गृहमंत्रालयाला मार्चमध्येच राज्यांना कळवावं लागलं की ईशान्येकडच्या लोकांना असा त्रास देणाऱ्यांवर कारवाई करा.

तेव्हापासून मी याबद्दल वाचत आले, ओळखीच्या ईशान्येकडच्या मुलींना विचारत आले, आणि दोन-चार वेळा काही करूनही पाहिलं. असं काही कानावर पडल्यावर ‘आपण काय करायला हवं होतं’ या विचाराने ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

आधी एक गोष्ट: सगळे गप्प असतात म्हणून आपणही गप्प

१९६८ साली डार्ली आणि लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं. मध्येच एकाला फिट आल्यासारखा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. ही माणसं निर्दय नव्हती. प्रत्येकाला वाटलं की दुसरं कुणीतरी उठेल.

लोकलच्या डब्यात आपण दोन-तीनशे जण असतो. म्हणून पहिली हालचाल कुणी केली याला फार किंमत असते. ती केवढी मोठी होती याने तितका फरक पडत नाही.

बोलणाऱ्याला टोकणं, की जिला बोललं तिच्याजवळ जाणं

खरी निवड या दोघांतच आहे.

टोकण्याची मोठी जमेची बाजू म्हणजे ते सगळ्यांना ऐकू जातं. ‘हे इथे चालणार नाही’ असं डब्यातल्या एकाने तरी म्हटलेलं असतं. मराठीत बोलणाऱ्याला मराठीत सांगितलं तर ते जास्त लागतं, कारण बोलणारा आपल्याला ‘आपल्यातला’ समजत असतो आणि आपण त्याची साथ सोडतो. शब्द मात्र जपून निवडावे लागतात. ‘लाज नाही वाटत?’ म्हटलं की भांडण ठरलेलंच. ‘दादा, असं नका बोलू, ऐकायला वाईट वाटतं’ म्हटलं तर समोरच्याला माघार घ्यायला जागा राहते. ‘काकू’, ‘ताई’, ‘दादा’ या हाकांचा इथे खरोखर उपयोग होतो. एकच वाक्य बोलावं आणि थांबावं. समोरून उत्तर आलं तरी वाद वाढवू नये.

उणी बाजूही मोठी आहे. पाच मिनिटांत ते भांडण दोन मराठी माणसांचं होतं आणि जिच्यामुळे सुरू झालं ती मुलगी कोपऱ्यात तशीच उभी राहते. आपण आपल्या स्टेशनला उतरून जातो, उरलेला राग तिच्या वाट्याला येतो. आणि जीवाचा धोका असतो. मे २०१७ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या ट्रेनमध्ये एक माणूस दोन मुलींना, त्यातली एक हिजाब घातलेली, वाट्टेल ते बोलत होता. तीन प्रवासी मध्ये पडले. त्याने तिघांवर चाकू चालवला, दोघे मेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅन्ससमध्ये ओलेथ्याच्या एका बारमध्ये ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असं ओरडत एकाने श्रीनिवास कुचिभोटला या हैदराबादच्या इंजिनिअरला गोळ्या घालून मारलं. मारेकऱ्याला अडवायला धावलेला इयन ग्रिलोट हा तरुणही गोळी लागून जबर जखमी झाला. या माणसांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण दारू प्यायलेल्या, एकट्या, अंगावर येणाऱ्या माणसाला टोकायचं का, असं कुणी मला विचारलं तर मी नको म्हणेन.

जवळ जाऊन बसण्याची रीत २०१६ मध्ये पॅरिसमधल्या एका तरुण चित्रकर्तीने चार-पाच चित्रांत मांडली होती. ती तेव्हा मुसलमान बायकांना होणाऱ्या त्रासाबद्दल होती आणि पुढे जगभर पसरली. जिला त्रास होतोय तिच्या शेजारी जा. बोलणाऱ्याकडे बघूही नका. तिच्याशी कशाबद्दलही बोला, हवा, पिक्चर, काहीही. तो निघून जाईपर्यंत किंवा ती सुरक्षित जागी पोचेपर्यंत बोलत राहा.

वाचताना हे फारच मवाळ वाटतं. मलाही वाटलं होतं. मग दोन वर्षांपूर्वी वेळ आली. परतीच्या गाडीत, कुर्ल्यानंतर, दोघी जणी एका मुलीकडे बघून ‘ह्या चिंक्या सगळीकडे घुसल्यात’ असं काहीतरी बोलायला लागल्या. मी गर्दीतून सरकत तिच्याजवळ गेले आणि विचारलं, ‘मुलुंड किस साइड आएगा?’ वीस वर्षं त्या लाइनवर प्रवास करणारीने विचारायचा हा प्रश्न नव्हे, पण दुसरं काही सुचलं नाही. ती म्हणाली, ‘मला मराठी येतं, ताई.’ आसामची होती, डोंबिवलीला आठ वर्षं राहत होती, एका सलूनमध्ये कामाला. ठाण्यापर्यंत आम्ही डोंबिवलीच्या पाण्याबद्दल बोललो. मागच्या दोघी कधी गप्प झाल्या ते कळलंही नाही.

उतरताना मी तिला विचारलं, ‘मी त्यांना काही बोलायला हवं होतं का?’ ती म्हणाली, ‘नको. मला रोज याच गाडीने यायचंय.’

माझा कौल या वाक्याने ठरला. रोजच्या गाडीत ग्रुप ठरलेले असतात, दारातल्या जागाही ठरलेल्या असतात. तुमच्या एका दिवसाच्या शौर्याची किंमत तिला महिनाभर मोजावी लागू शकते. म्हणून जिला उद्देशून बोललं जातंय ती समोर असेल, तर आधी तिच्याजवळ जा. टोकायचं की नाही ते तिच्याजवळ पोचल्यावर, जमलं तर तिला विचारून ठरवा. कधीकधी तिलाच कुणीतरी बोलायला हवं असतं. एका मैत्रिणीने, नागालँडची आहे, मला सांगितलं होतं की तिला शेजारी बसणाऱ्यांपेक्षा तोंडावर बोलणारे जास्त आवडतात, कारण शेजारी बसणारे ‘दया करतात’ असं तिला वाटतं. हेही खरं आहे, आणि म्हणूनच विचारावं.

तक्रार

अंगाला हात लावला, वाट अडवली, पाठलाग केला, धमकी दिली, तर तुलना करत बसू नका. रेल्वेत १३९, मुंबईत रेल्वे पोलिसांचा १५१२, बाहेर कुठेही ११२. रात्री लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, त्याला बोलवा. डब्यात मदत मागायची तर ‘कुणीतरी फोन करा’ म्हणू नका, ‘निळ्या ड्रेसवाल्या ताई, तुम्ही फोन लावा’ म्हणा.

नुसते शब्द असतील तर कायद्याची वाट अवघड आहे, हे आधी माहीत असलेलं बरं. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपतनगरच्या एका दुकानात अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून अपमान करण्यासाठी वेगळी कलमं सुचवली. तशी वेगळी कलमं आजही नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये वंशावरून तेढ पसरवण्याचा उल्लेख आहे, कलम ३५२ मुद्दाम अपमान करून भांडण उकरून काढण्याबद्दल आहे. डब्यातल्या टोमण्याला ती लावून घेणं सोपं नाही.

अपमान झालेली व्यक्ती अनुसूचित जमातीची असेल आणि बोलणारा अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर अॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. ईशान्येकडच्या लोकांच्या बाबतीत तो वापरा, असं गृहमंत्रालयाने २०१२ मध्येच राज्यांना सांगितलं होतं. पण ईशान्येकडचे सगळे अनुसूचित जमातीचे नसतात. मणिपूरचे मैतेई नाहीत. आणि आफ्रिकन विद्यार्थ्यांना तर या कायद्याचा काहीच आधार नाही.

मात्र या कायद्यातली एक गोष्ट आपल्यासारख्या बघ्यांसाठी फार महत्त्वाची आहे. अपमान ‘लोकांच्या नजरेसमोर’ झालेला असावा लागतो. घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी नसताना झालेल्या अपमानाला हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात म्हटलं. म्हणजे तिथे उभं राहून आपण ऐकलं, हाच खटल्याचा आधार होतो. म्हणून तक्रार करायची की नाही हे तिने ठरवावं, पण ‘लागलं तर मी साक्ष देईन’ असं म्हणून नंबर देणं आपल्या हातात आहे. घटना कुठल्या स्टेशनाच्या हद्दीत झाली यावरून ठाणेदाराने परत पाठवलं, तर झिरो एफआयआर मागायचा, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

मोबाइल काढणं

याबद्दल माझं मत कडक आहे. तिच्याजवळ आधीच कुणीतरी असेल, तरच रेकॉर्ड करा. बोलणाऱ्यावर कॅमेरा ठेवा, तिच्या चेहऱ्यावर नको. स्टेशनचं नाव, वेळ आवाजात बोलून ठेवा. मूळ फाइल जपा आणि ती तिला द्या. स्वतःहून कुठे टाकू नका. ज्या मिनिटाला आपला सगळ्यांत जास्त अपमान झाला ते मिनिट तिच्या गावी, तिच्या आईच्या मोबाइलवर पोचावं असं तिला वाटेल का, हे तिलाच विचारायला हवं. टोकण्याची हिंमत नसते म्हणून पुष्कळ जण कॅमेरा काढतात. ती हिंमत नसेल तर शेजारी बसायला जा, तिथे त्या हिंमतीची गरज पडत नाही.

काहीच जमलं नाही, आणि आता ती उतरतेय

तिच्यासोबत प्लॅटफॉर्मवर दोन मिनिटं थांबा. ‘मी ऐकलं. वाईट झालं. बरी आहेस ना?’ इतकंच. तुमची पुढची गाडी चार मिनिटांत येते. ओळखीच्या मुलींनी मला सांगितलं की लोक हसले यापेक्षा कुणी ऐकल्याचं दाखवलंच नाही, हे जास्त दिवस लक्षात राहतं.

ज्यांच्याबद्दल बोललं जातंय ते तिथे नसतील तेव्हा

इथे माझा सगळा हिशोब उलटा होतो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी ‘ते हबशी’ म्हणतं, वॉचमनला नुसतं ‘ए नेपाळी’ म्हणतं, आफ्रिकन विद्यार्थ्यांना फ्लॅट द्यायचा नाही असा ठराव मांडतं. शेजारी जाऊन बसायला तिथे कुणी नसतं. चाकूही निघणार नसतो. आपल्या गप्प राहण्याचा अर्थ संमती एवढाच होतो. इथे तोंडावर बोलणं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी, आणि आपण नेमकं इथेच ‘जाऊ दे ना, वडीलधारी माणसं आहेत’ म्हणतो.

‘हबशी’ ही आपल्याकडे शिवी कशी झाली याचं मला फार वाईट वाटतं. हा मूळचा अॅबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या लोकांसाठीचा शब्द. निजामशाही सांभाळून मुघलांना झुंजवणारा मलिक अंबर हबशी होता. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, त्याने वसवलं, तिथल्या पाण्याच्या नहरी त्याने बांधल्या.

घरच्यांशी बोलताना मी भाषण देत नाही. प्रश्न विचारते. ‘म्हणजे नक्की काय म्हणायचंय?’ समजावून सांगायला लागल्यावर ते वाक्य बोलणाऱ्यालाच अवघड होतं. सगळ्यांसमोर विचारायचं की नंतर एकट्यात, हे माणसावर आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिथल्या तिथे विचारावं, कारण ठराव होऊन गेल्यावर उपयोग नाही. आजोबांना संध्याकाळी, चहाच्या वेळी.

गेल्या गणपतीत मावशी मोदकाच्या पाऱ्या करत होती आणि आमच्या वॉचमनबद्दल बोलता बोलता म्हणाली, ‘ही नकटी माणसं सगळी सारखीच दिसतात, कोण चोर कोण साव कळायचं कसं?’ मी म्हटलं, ‘म्हणजे काय गं मावशी? तो चोर आहे असं म्हणतेस का?’ तिचा हात थांबला. ‘अगं, सहज म्हटलं.’ ‘सहज म्हणजे?’ ती काही बोलली नाही. पारी फुटली होती, ती तिने मोडून पुन्हा वळली.

मावशी आता माझ्यासमोर तसं बोलत नाही. मागे बोलते, हे मला मावसबहिणीने सांगितलं. मी तिलाही तोच प्रश्न विचारायला सांगितलाय.